पुस्तकांचा आडोसा

हवं ते पुस्तक आज दोन दिवसांत घरपोच येतं. स्त्रियांनी लिहिलेली आणि स्त्रियांविषयीची पुस्तकं मोठ्या दुकानांत दर्शनी भागात मांडलेली असतात. पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेत आणि युरोपात ज्या बायकांनी खास अशा पुस्तकांसाठी वेगळी दुकानं काढली, त्यांची मागणी एका अर्थी पुरी झाली. म्हणजे ती दुकानं पुढे बंद पडली याचं वाईट वाटायला नको. काम झालं, दुकान उठलं. पण मिनिआपोलिस, लंडन, टोरांटो इथली दुकानं उठली तेव्हा हळहळ झाली, आणि ती पुस्तकांसाठी नव्हती. पुस्तकं तर पलीकडच्या मोठ्या दुकानात, तीही स्वस्तात, मिळू लागली होती. मग नेमकं गेलं काय?

या दुकानांना बायकांचा आसरा, हक्काची जागा, माहेर असं बरंच काही म्हटलं गेलं आहे. ते खरं असलं तरी त्यातून काही उलगडत नाही. जिव्हाळा होता म्हणून आसरा मिळाला असं म्हटलं की चौकशी तिथेच संपते. या लेखात वेगळं म्हणणं मांडलं आहे. ही जागा आसरा ठरली ती दुकान असूनही नव्हे, दुकान होती म्हणूनच. विक्रीच्या साध्या व्यवहाराने बायकांना जे मिळवून दिलं ते नुसत्या सद्भावनेला जमलं नसतं. आणि म्हणूनच विक्री बसली तेव्हा आसराही गेला.

पडवीतली सुरुवात

१९७० मध्ये मिनिआपोलिस शहरात काही बायका एकत्र राहत होत्या. त्या घराच्या पडवीत पुस्तकं मांडून दोघींनी एक दुकान सुरू केलं आणि ग्रीक पुराणकथांतल्या लढवय्या स्त्रियांवरून त्याला ‘अ‍ॅमेझॉन’ हे नाव दिलं. आज त्या नावाने ओळखली जाणारी कंपनी जन्माला यायला अजून चोवीस वर्षं होती. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात ओकलंडला ‘अ वुमन्स प्लेस’ उभं राहिलं. मग टोरांटो, अटलांटा, पॅरिस, मिलान, म्युनिक, लंडन, शिकागो अशी रांगच लागली. बहुतेक ठिकाणी भांडवल तुटपुंजं, दुकान चालवणारं मंडळ सामूहिक आणि निम्मं काम बिनपगारी.

वेगळं दुकान काढायची गरज का पडली, हे एका पुस्तकावरून समजतं. १९७० मध्ये बॉस्टनच्या काही बायकांनी स्वतःच्या शरीराची माहिती जमवून एक पुस्तिका काढली. वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदावरची १९३ पानं, बांधणी म्हणजे स्टेपलच्या पिना, किंमत ७५ सेंट. पाळी, संभोग, गर्भनिरोधन, गर्भपात, बाळंतपण यांविषयी डॉक्टर सांगत नसत ते तिच्यात सरळ भाषेत होतं. पुढच्या काही वर्षांत तोंडोतोंडी चर्चेवर तिच्या सुमारे अडीच लाख प्रती खपल्या. १९७३ मध्ये ‘सायमन अँड शुस्टर’ने ‘अवर बॉडीज, अवरसेल्व्ज’ या नावाने ती बाजारात आणली. पण त्याआधी अशी पुस्तिका विकायला ठेवणार कोण? नावाजलेला प्रकाशक नाही, वितरक नाही, विषय उघड बोलायचा नाही. नेहमीच्या दुकानदाराच्या दृष्टीने ती पुस्तकात जमाच नव्हती. स्त्रीमुक्तीच्या चळवळीत अशी पत्रकं, कवितांच्या चोपड्या, नियतकालिकं ढिगाने छापली जात होती. छापायची सोय झाली होती, पोहोचवायची नव्हती. ती उणीव या दुकानांनी भरून काढली.

भांडवलाची अडचण वेगळीच होती. अमेरिकेत कर्ज देताना स्त्री-पुरुष भेद करण्याला कायद्याने बंदी आली ती १९७४ मध्ये. तोवर विवाहितेकडे नवऱ्याची सही मागणं बँकांना बिनदिक्कत शक्य होतं. स्वतःच्या नावावर दुकान थाटणं हीच तेव्हा मोठी मजल होती.

कारण न सांगता आत जाता येतं

मदतीच्या बहुतेक जागांची एक अट असते: आधी गरज जाहीर करा. वकिलाच्या, समुपदेशकाच्या किंवा निवाराघराच्या दारावर पाटी असते आणि आत शिरणारीची गोष्ट ती पाटीच अर्धी सांगून टाकते. नवरा मारतो हे जिने स्वतःशीही कबूल केलेलं नाही, ती त्या दारापर्यंत पोहोचतच नाही. पुस्तकांच्या दुकानाच्या दारातून मात्र असं काही उघड होत नाही. भाचीसाठी गोष्टीचं पुस्तक घ्यायलाही बाई तिथे येऊ शकते. शिवाय पुस्तकांच्या दुकानात एक सवलत असते, जी किराण्याच्या किंवा औषधांच्या दुकानात नसते. काहीही न घेता अर्धा तास रेंगाळता येतं. चाळणं हाच तिथला शिष्टाचार. दारातून आत येणं आणि गरज बोलून दाखवणं यांच्यामध्ये असा मोकळा वेळ मिळतो.

आपल्याकडे गावचा पाणवठा हेच काम करायचा. बाई पाण्याला जाते यात कुणाला काही वावगं वाटत नसे, आणि घागर भरेपर्यंत सासरचं, माहेरचं, दुखण्याखुपण्याचं बोलून होई. पाणी हे खरं काम होतं, बोलण्यासाठी काढलेली सबब नव्हती; म्हणूनच ते बोलण्याला आडोसा देऊ शकलं. पुढे घरात नळ आला. पाण्याची सोय झाली, कष्ट वाचले, आणि बोलण्याची जागा कुणी न ठरवता नाहीशी झाली. स्त्रीवादी पुस्तकांच्या दुकानांचं पुढे जे झालं त्याचा मोठा भाग याच चालीने समजतो.

आत आल्यावर पुढचं काम कपाटं करत. सर्वसाधारण दुकानात घरातल्या मारहाणीविषयी काही हवं असेल तर एक पुस्तक कायद्यात, दुसरं मानसशास्त्रात, तिसरं समाजशास्त्रात, आणि तेही असलं तर. नेमकं काय हवं ते आधी ठाऊक असल्याशिवाय शोधता येत नाही. या दुकानांनी मांडणीच बदलली. हिंसा, लहानपणीचे लैंगिक अत्याचार, समलिंगी आयांचे मुलांच्या ताब्याचे प्रश्न, कृष्णवर्णीय स्त्रियांचं लेखन, अपंग स्त्रियांचं जगणं अशा विषयांची वेगवेगळी कपाटं झाली. कपाटावरची चिठ्ठी वाचता वाचता बाईच्या ध्यानात येई की आपल्या घरातलं म्हणून जे झाकत आलो, त्यावर इथे एक अख्खा खण भरला आहे. त्यासाठी कुणाला काही विचारावं लागत नव्हतं. क्रिस्टन होगन यांनी २०१६ मध्ये या दुकानांच्या चळवळीवर पुस्तक लिहिलं. त्यातही कपाटांच्या मांडणीला त्यांनी राजकीय काम मानलं आहे, आणि ते पटण्यासारखं आहे.

तिसरा टप्पा सूचनाफलकाचा आणि गल्ल्याचा. खोली भाड्याने देणं-घेणं, बायकांना समजून घेणारी डॉक्टर, घटस्फोटाची कामं करणारी वकील, स्वसंरक्षणाचे वर्ग, निवाराघराचा फोन नंबर हे सगळं एकाच फळ्यावर शेजारी शेजारी टाचलेलं असे. खोलीची जाहिरात वाचत उभी असलेली बाई आणि निवाराघराचा नंबर पाठ करणारी बाई बाहेरून सारख्याच दिसतात. गल्ल्यावरची बाई समुपदेशक नसे, पण कोणतं पुस्तक कोणत्या अडचणीत उपयोगी पडतं याचा अंदाज तिला रोजच्या विक्रीतून येई. चौथा टप्पा संध्याकाळचा: वाचन, चर्चा, लेखिकेची भेट. लंडनच्या ‘सिस्टरराइट’मध्ये वरच्या मजल्यावर ‘सिस्टरबाइट’ नावाचा कॅफे होता, तर ‘सिल्व्हर मून’चा कॅफे तळघरात. चाळायला आलेली बाई बसायला थांबे, बसायला थांबलेली पुढच्या बैठकीला येई. प्रत्येक पायरी इतकी लहान होती की एका वेळी मोठं धाडस कुणालाच करावं लागत नव्हतं.

गल्ल्यावरून छापखान्यापर्यंत

आसरा म्हटलं की भिंतींच्या आत मिटून घेतलेली जागा डोळ्यांपुढे येते. ही दुकानं तशी नव्हती. काय खपतं आणि काय मागूनही मिळत नाही, ही दुकानदाराकडची माहिती म्हणजे एक ताकद असते. ती एकत्र आली १९७६ मध्ये. लेखिका-प्रकाशक जून आर्नल्ड यांच्या पुढाकाराने नेब्रास्कातल्या ओमाहा इथे छापखाने, प्रकाशनं आणि दुकानं चालवणाऱ्या बायकांची परिषद भरली. तिच्यातून ‘फेमिनिस्ट बुकस्टोअर्स न्यूज’ हे पत्र निघालं. सॅन फ्रान्सिस्कोत ‘ओल्ड वाइव्ह्ज टेल्स’ हे दुकान काढणाऱ्या कॅरल सीजे यांनी ते २००० सालापर्यंत चालवलं. कोणतं पुस्तक कुठून मागवावं, कोणत्या पुस्तकाची छपाई थांबली आहे, कोणत्या प्रकाशकाला पत्रं लिहून जागं करायचं, असा कामाचा मजकूर त्यात असे.

परिणाम मोजता येण्यासारखे आहेत. रिटा मे ब्राऊन यांची ‘रुबीफ्रूट जंगल’ ही समलिंगी नायिकेची कादंबरी १९७३ मध्ये आर्नल्ड यांच्याच ‘डॉटर्स’ या छोट्या प्रकाशनाने काढली. तिच्या सुमारे ७०,००० प्रती खपल्या, तेव्हा १९७७ मध्ये ‘बँटम’ या बड्या प्रकाशनाने ती उचलली. शार्लट पर्किन्स गिलमन यांची १८९२ मधली ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा ‘फेमिनिस्ट प्रेस’ने १९७३ मध्ये नव्याने छापली आणि ती अभ्यासक्रमांत गेली. याच प्रेसने १९९१ आणि १९९३ मध्ये सुसी थारू आणि के. ललिता यांनी संपादित केलेले ‘विमेन रायटिंग इन इंडिया’चे दोन खंड काढले. त्यांतून मुक्ताबाई, सावित्रीबाई फुले, ताराबाई शिंदे जगभरच्या वाचकांपुढे गेल्या. ताराबाईंचं १८८२ मधलं ‘स्त्रीपुरुषतुलना’ आपल्याकडेही विस्मरणात गेलं होतं, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केलं. असं हरवलेलं लेखन वर काढणाऱ्या प्रकाशनांना हक्काचं गिऱ्हाईक लागतं, आणि ते पुरवण्यात या दुकानांचा वाटा मोठा होता.

हिशेब कुठे तुटला

आता पैशाकडे येऊ, कारण सगळी मेख तिथे आहे. पुस्तकविक्रेत्याला छापील किमतीवर साधारण ४० टक्के सूट मिळते. दहा डॉलरच्या पुस्तकामागे चार डॉलर हाती आले की त्यातून भाडं, पगार, वीज आणि न खपलेल्या मालाचा भार निघायचा. कवितेची चोपडी वर्षभरात दोनदा खपते, तरी तिला खणात जागा लागते. तो तोटा भरून काढायला टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ किंवा अ‍ॅलिस वॉकर यांची ‘द कलर पर्पल’ यांसारखी धडाक्याने खपणारी पुस्तकं लागतात. खपाऊ पुस्तकं मंद पुस्तकांना पोसत, आणि दोन्ही मिळून फलक, खुर्च्या, रेंगाळण्याची मुभा यांना पोसत. आसऱ्यासाठी वेगळी पावती कधी फाडली जात नव्हती. त्याचा खर्च पुस्तकांच्या किमतीत मुरलेला होता.

१९९० च्या दशकात ‘बार्न्स अँड नोबल’ आणि ‘बॉर्डर्स’ यांची अवाढव्य दुकानं शहरोशहरी उघडली. लहान दुकानांनी पुढे आणलेल्या लेखिका त्यांनी दर्शनी मांडल्या आणि खपाऊ पुस्तकांवर घसघशीत सवलत दिली. ती त्यांना कशी परवडते हा प्रश्न न्यायालयातही गेला. अमेरिकेतल्या पुस्तकविक्रेत्यांच्या संघटनेने १९९४ मध्ये काही प्रकाशकांवर आणि १९९८ मध्ये या दोन साखळ्यांवर, मोठ्यांना छुपी जादा सूट मिळते म्हणून, दावे लावले. १९९५ मध्ये अ‍ॅमेझॉन डॉट कॉमची विक्री सुरू झाली. मिनिआपोलिसच्या मूळ ‘अ‍ॅमेझॉन’ने नावासाठी १९९९ मध्ये दावा केला आणि त्याच वर्षी तडजोड झाली. नावाचे हक्क कंपनीकडे गेले, दुकानाला ते वापरण्याची परवानगी राहिली.

खपाऊ पुस्तकं गेली, मंद पुस्तकं उरली. लोक इथे चाळत, निवडत आणि विकत दुसरीकडे घेत. त्यात शहरांतली भाडी चढली. लंडनच्या चेरिंग क्रॉस रोडवरचं ‘सिल्व्हर मून’ २००१ मध्ये भाड्यापायी उठलं आणि ‘फॉइल्स’ या मोठ्या दुकानातला एक विभाग होऊन राहिलं. १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिका आणि कॅनडात अशी शंभराहून अधिक दुकानं होती. वीस वर्षांत त्यांतली दहा-पंधरा उरली.

| चौकट : काही दुकानं | |
|---|---|
| अ‍ॅमेझॉन, मिनिआपोलिस | १९७० ते २०१२ (शेवटची काही वर्षं ‘ट्रू कलर्स’ या नावाने) |
| टोरांटो विमेन्स बुकस्टोअर | १९७३ ते २०१२ |
| कॅरिस, अटलांटा | १९७४ पासून. आता शेजारच्या डिकेटर गावी |
| लिब्रेरी दे फाम, पॅरिस | १९७४ मध्ये सुरू |
| बायकांचं पुस्तकांचं दुकान, मिलान | १९७५ पासून |
| सिस्टरराइट, लंडन | १९७८ ते १९९३ |
| विमेन अँड चिल्ड्रन फर्स्ट, शिकागो | १९७९ पासून |
| सिल्व्हर मून, लंडन | १९८४ ते २००१ |
| फेमबुक्स, तैपेई | १९९४ मध्ये सुरू |

आसरा, पण कुणाला?

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ही दुकानं बहुतांशी गोऱ्या, शिकलेल्या, मध्यमवर्गीय बायकांनी काढली. कृष्णवर्णीय बाईला तिथे आपलं वाटेलच असं नव्हतं. पाणवठ्याचा दाखला इथे उलटा लागू होतो. बायकांना बोलायची जागा देणाऱ्या त्याच पाणवठ्यावर दलित बाईला पाऊल ठेवता येत नव्हतं, म्हणून तर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला. आडोसा कुणाला मिळतो, हे त्याच्या दारावर कुणाचा ताबा आहे यावर ठरतं. ओकलंडच्या दुकानात १९८२ मध्ये वंश आणि सत्ता यांवरचे मतभेद इतके विकोपाला गेले की मंडळातल्या एका गटाने दुसऱ्याला दुकानाबाहेर ठेवलं आणि वाद लवादाकडे गेला. हे झाकण्यासारखं नाही. पण भांडण तिथे होऊ शकलं हेही पाहायला हवं. कुणाची पुस्तकं कोणत्या कपाटात, पगारी जागा कुणाला, निर्णय कुणाचे, असे प्रश्न दुकानाच्या रोजच्या कामातच समोर येत आणि ते टाळता येत नसत. टोरांटोच्या दुकानाची सूत्रं पुढे कृष्णवर्णीय आणि आशियाई वंशाच्या बायकांकडे आली ती अशा झगड्यांतूनच. बार्बरा स्मिथ आणि ऑड्री लॉर्ड यांनी कृष्णवर्णीय व इतर वर्णांच्या स्त्रियांसाठी १९८० मध्ये उभ्या केलेल्या ‘किचन टेबल’ प्रकाशनालाही वाचक गाठायला हीच दुकानं उपयोगी पडली.

दुसरा आक्षेप: हे सगळं आता इंटरनेटवर होतंच की. माहितीपुरतं हे खरं आहे. पण शोध घ्यायला आधी शब्द सुचावा लागतो, आणि जिला आपल्या त्रासाचं नावच ठाऊक नाही तिला तो सुचत नाही. कपाटापुढे उभ्या असलेल्या बाईला शब्द आयता दिसतो. शिवाय घरात एकच मोबाइल असेल तर काय शोधलं याची नोंद मागे उरते. दुकानात चाळलेल्या पानाची नोंद कुठेच राहत नाही. उघडं दुकान धोक्यापासून मुक्त होतं असंही नाही. १९८३ मध्ये टोरांटोत गर्भपाताच्या दवाखान्याला लावलेल्या आगीत त्याच इमारतीतलं बायकांचं दुकान सापडलं. आडोसा म्हणजे अभय नव्हे, एवढं इथे मान्य करावं लागतं.

तिसरा आक्षेप असा की पुस्तकांवाचून अडतं अशी ही सोय मुळात शिकलेल्या शहरी बाईची. त्याला उत्तर भारतातूनच मिळतं. राजस्थानातल्या सुमारे ७५ खेडूत बायकांनी कार्यशाळांतून ‘शरीर की जानकारी’ हे पुस्तक तयार केलं. बाई अशी उघडी कधी दिसते का, असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हणून चित्रातल्या बाईला घागरा-ओढणी दिली आणि कागदाची घडी उचलली की आतलं शरीर दिसेल अशी योजना केली. दिल्लीच्या ‘काली फॉर विमेन’ने ते १९८९ मध्ये छापलं आणि ते खेड्यापाड्यांत पोहोचलं ते संघटनांच्या हातून, पुस्तकांच्या दुकानांतून नव्हे. म्हणजे दुकान हा एकमेव मार्ग नाही. पण बारकाईने पाहिलं तर तत्त्व तेच आहे. घडी मिटलेली असताना पुस्तक कुणापुढेही धरता येतं. ती कधी उचलायची हे पाहणारी ठरवते.

पुढचा हिशेब

उरलेली दुकानं कशी टिकली, याचं उत्तर वरच्या हिशेबातच आहे. अटलांटाच्या ‘कॅरिस’ने १९९६ मध्ये कार्यक्रमांसाठी वेगळी ना-नफा संस्था काढली आणि २०१९ मध्ये डिकेटरच्या अ‍ॅग्नेस स्कॉट या बायकांच्या महाविद्यालयाच्या आवारात जागा घेतली. पुस्तकांच्या किमतीत मुरलेला आसऱ्याचा खर्च तिथे पहिल्यांदा वेगळा मांडला गेला आणि तो देणगीतून उभा राहू लागला. बंगळूरूत १९८० च्या दशकात निघालेलं ‘स्त्रीलेखा’ हे दुकान ‘विमोचना’ या संघटनेच्या आधाराने चाललं, तेही याच वाटेने: संघटना पाठीशी, पुस्तकं पुढ्यात.

यात एक पथ्य आहे. देणगीवर चालणारी जागा हळूहळू केंद्र होते, केंद्राला पाटी लागते, नावनोंदणी लागते, लाभार्थींचा आकडा दाखवावा लागतो. तसं झालं की पुस्तकं शोभेपुरती उरतात आणि आत येणारीला पुन्हा कारण सांगावं लागतं. म्हणून खर्च देणगीतून निघत असला तरी विक्री खरी असायला हवी: ताजी पुस्तकं, चोख बिल, शनिवारी गर्दी. बायकांसाठी जागा काढू पाहणाऱ्या ग्रंथालयांना, संस्थांना आणि दुकानदारांनाही ही कसोटी लावता येईल. आत आलेल्या बाईला अर्धा तास कुणी काही विचारलं नाही, आणि निघताना तिच्या हाती घरी दाखवता येईल असं काही असलं, तर ती जागा आपलं काम करते आहे.